बागेवरून येणारा वारा

श्रावणाची बाजू घ्यायला सगळे पुढे असतात, वैशाखाची बाजू घ्यायला कुणी नाही. मी सबंध नोकरी शाळेत पोरांचे निबंध तपासण्यात घालवली. 'माझा आवडता ऋतू' म्हटलं की वहीवहीतून पाऊस गळायचा. एखाद्यानं उन्हाळा लिहिलाच, तर त्यात उन्हाळा कमी आणि मामाचं गाव जास्त. आता मी निवृत्त आहे, मला मार्क द्यायला कुणी बसलेलं नाही, तेव्हा खुशाल सांगतो, मला वैशाख आवडतो. तोही पहिल्यापासून नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका वैशाखापासून.

परवा दुपारी बारवेजवळच्या केंद्रात जाऊन बसलो होतो. आमचं गाव तीर्थपुरीच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. गावाबाहेर माळाच्या कडेला जुनी बारव आहे, आणि बारव बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेलं हे केंद्र. बसायला बाकं, प्यायला पाणी, बारवेची माहिती सांगणारी चित्रं, एका अंगाला बचत गटाच्या बायकांचं धपाटे-दह्याचं दुकान. बाहेर ऊन असं की माळावर नजर ठरत नव्हती. आत मी मातीच्या भिंतीला पाठ लावून बसलो. भिंतीत अगदी खाली, जमिनीलगत, झरोके आहेत. त्यांतून हवा येते ती आधी घोट्यांना लागते, मग पोटऱ्यांना. तिला मोसंबीच्या पाल्याचा कडसर वास असतो. परभणीकडून आलेली एक बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. लेकरू झोपून गेलं. बरोबरच्या मंडळींनी हाका मारल्या तर ती म्हणाली, "तुमी या बघून. म्या न्हाई उठत." मला त्या बाईचं इतकं बरं वाटलं की तिला मी आपणहून धपाटे खायला घातले.

आमची बारव उन्हाळ्यातच बघावी. पावसाळा, हिवाळा ती काठोकाठ भरलेली असते आणि वरच्या चार पायऱ्यांपलीकडे काही दिसत नाही. वैशाखात पाणी खाली जातं आणि तळाच्या कोनाड्यांतल्या मूर्ती बाहेर येतात. हत्ती येतात, वादक येतात, आरशात बघून भांग काढणारी एक बाई येते. वर्षातले बरेच महिने पाण्यात राहून त्यांच्या अंगाला हिरवी झाक आलेली असते. त्या बघायला लोक जालन्याहून, संभाजीनगरहून, नांदेडहून येतात, आणि येतात ते नेमके जेव्हा कावळासुद्धा फांदी सोडत नाही तेव्हा. पूर्वी तिथं सावलीला एक बोरीचं झुडूप होतं. एकदा एक म्हातारे गृहस्थ पायऱ्या चढून वर आले आणि भोवळ येऊन पडले. आम्ही त्यांना घरी आणलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, मठ्ठा पाजला. ते वाचले, पण दिवसभर माझी बायको सिंधू घाबरलेली होती. "गुरुजी, आता तिथं काई तरी करा," असं ती त्या संध्याकाळी म्हणाली. ती मला गुरुजीच म्हणते, सगळं गाव म्हणतं म्हणून.

गावाची समिती झाली, अर्ज झाले, वरून मंजुरी आली आणि मंजुरीबरोबर रेवती आली. नाशिककडची मुलगी, इमारतींचे आराखडे काढणारी, नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेली. हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं बांधकाम. दिवाळी सरता सरता आली आणि आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली. आमची दोन्ही लेकरं बाहेरगावी, घर रिकामं. सिंधूला बोलायला माणूस मिळालं आणि मला शिकवायला विद्यार्थिनी. प्रत्यक्षात शिकवलं तिनंच. पहिल्याच आठवड्यात तिनं माळावर एक काठी रोवली आणि दिवसभर तिच्या सावलीच्या टोकाशी खडे ठेवत बसली. सूर्य हिवाळ्यात कुठून फिरतो, उन्हाळ्यात कुठून जाईल, त्यावरून छपराची वळचण किती पुढं काढायची ते ठरणार होतं. थंडीतलं ऊन आत यायला हवं, उन्हाळ्यातलं दारातूनच परत जायला हवं. मी भूगोल शिकवताना हे फळ्यावर कैक वेळा काढलं होतं. त्यातून कुणाला सावली मिळू शकते हे मात्र फळ्यावर कधी सुचलं नव्हतं.

तिच्यावर एक अट होती. तिनं आराखडा काढला त्यात वातानुकूलन नव्हतं. मंजुरी देणाऱ्या साहेबांना ते पटेना. शेवटी असं ठरलं की, एक उन्हाळा काढून दाखवा. ज्येष्ठ लागला की आम्ही येऊन भर दुपारी आत बसू. आत सोसवलं तर ठीक, नाही तर झरोके बुजवून, काचा लावून एसी बसवायचे, आणि त्यांच्यासाठी मागं जनरेटर ठेवायचं. रेवतीनं हे आमच्या ओसरीवर बसून सांगितलं तेव्हा ती हसत होती. पण तिच्या हातातला चहा तसाच निवत राहिला होता.

आता विष्णूबद्दल सांगायला हवं. विष्णू माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या माघारी मोसंबीची बाग त्याच्या वाट्याला आली आणि ती त्याच्याकडे आली हे बागेचं नशीब, कारण माझ्या हातानं अंगणातली तुळससुद्धा सुकते. जिभेनं मात्र तो असा की त्याच्या शेजारी जेवायला बसायलाही लोक बिचकतात. त्याची बाग केंद्राच्या जागेला लागून, बरोबर मावळतीच्या अंगाला. आमच्याकडं उन्हाळ्यात वारा मावळतीकडून येतो. रेवतीनं पहिल्या दिवशी ती हिरवीगार बाग पाहिली आणि तिच्या डोक्यात सगळं केंद्र तिथंच उभं राहिलं. बागेच्या बाजूला खालचे झरोके. वारा ओल्या झाडांखालून गार होऊन आत शिरेल. उलट्या बाजूला उंच धुराड्यासारखा मनोरा, आतली तापलेली हवा त्यातून वर निघून जाईल. भिंती जाड, पाया काळ्या दगडाचा, वर माळाच्याच मातीच्या दाबलेल्या विटा. छपरावर आणखी एक छप्पर, मधे हात जाईल एवढी फट. दिवे आणि पंखे चालवायला वर उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या. सगळ्यात महत्त्वाची मात्र बाग.

"बागेला पाणी असतं ना, काका?" तिनं विष्णूला विचारलं होतं.

"असतंय की," विष्णू म्हणाला. "शेततळं भरेल हाय. उन्हाळ्यात बी सरत न्हाई."

हे बिलकुल खरं होतं. मी तिथंच उभा होतो, सिंधू होती, समितीतली आणखी मंडळी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही सगळे मोसंबीवाल्यांच्या घरातले. पुढं जे झालं ते झाल्यावर एकमेकांच्या तोंडाकडं बघण्याची वेळ आमच्यावर आली.

हिवाळाभर काम चाललं. विष्णू रोज सकाळी पाणी सोडून बांधावर यायचा आणि रेवतीची फिरकी घ्यायचा. "म्याडम, हे धुराडं कशाला? चूल कुठं मांडून राह्यल्या?" किंवा, "छत्रीवर छत्री कामून? वरची गळाली तर खालची धरायची?" ती चिडायची नाही. एकदा तिनं त्याला दुसऱ्या छपराखालच्या फटीत हात घालायला लावला. वरचं छप्पर तापलं होतं, खालच्याला पत्ताच नव्हता. विष्णूनं हात काढला, उपरण्याला पुसला आणि म्हणाला, "एसी लावा न् मोकळे व्हा. इतका डोक्याला ताप कशाला?" पण दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या मजुरांना पोटभर मोसंबी पाठवली. आमच्या घरात कौतुक असंच करतात. तोंडानं केलेलं कौतुक मला आठवत नाही, वडिलांकडूनही नाही.

भिंती उभ्या राहिल्यावर ती उदबत्ती पेटवून झरोक्याझरोक्यांपाशी फिरायची. धूर कुठं ओढला जातो ते बघायची. गावात बातमी झाली की म्याडम भिंतीची पूजा करून राह्यल्या. दोन बायका हळदकुंकू घेऊन आल्या. रेवतीनं त्यांना धूर दाखवला, तो झरोक्यातून आत कसा वळतो आणि मनोऱ्याकडं कसा धावतो. त्या बायकांनी सगळं नीट ऐकलं, पटलं म्हणाल्या आणि भिंतीला हळदकुंकू लावून गेल्या. ती बोटं अजून तिथं आहेत, रेवतीनं ती पुसू दिली नाहीत.

पाडव्याला केंद्र उघडलं. चैत्र तसा आमच्याकडं फार दया करणारा महिना नाही, पण आत शिरलं की माणूस थबकायचं. माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. लोक उगीच यायचे, बारव न बघता आत बसून जायचे. कीर्तनाच्या दिवशी मंदिरात कमी आणि केंद्रात जास्त माणसं निघाली. रेवती माडीवरून रोज सकाळी गाणं गुणगुणत उतरायची. आपल्या हातून काहीतरी बरं झालं आहे, हे माणसाच्या चालण्यात दिसतं. मी ते एका लांबच्या पोरीत पाहिलं आणि आतून सुखावलो.

मग वैशाख लागला.

मोसंबीचं झाड लाडावलं की नुसतं पाल्यानं फुगतं. ते फुलावं म्हणून त्याचं पाणी तोडावं लागतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. ज्याला मृग बहार घ्यायचा तो वैशाखात पाणी बंद करतो. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, बरीच गळतात. बाहेरच्याला वाटावं की बाग मेली. मग मृगाचं पाणी पडतं आणि सगळी बाग एकदम फुलते. मधेच कुणी पाणी दिलं तर ताण मोडतो, झाड नुसतं पालवतं, फूल येत नाही, तो बहार गेला. आमच्या घरात वडिलांच्या आधीपासून मृग बहार. शेततळं भरलेलं असो की रिकामं, वैशाखात बागेला पाणी नाही. ही गोष्ट आम्हाला इतकी अंगवळणी पडलेली की ती कुणी कुणाला सांगत नाही. आपण श्वास घेतो हे कोण सांगतं?

विष्णूनं नेहमीसारखं पाणी बंद केलं. त्याच्या तर ध्यानीमनीही नव्हतं.

केंद्र तापायला लागलं तेव्हा आधी कुणी बोललं नाही. मग लोक बाकांवरून लवकर उठायला लागले. रेवती छपरावर चढली, मनोऱ्याच्या जाळ्या तपासल्या, झरोक्यांशी उदबत्त्या धरल्या. धूर बरोबर आत यायचा. वारा वाहत होता, रस्ताही तोच होता, पण येणारी हवा कढत होती. तिचं गुणगुणणं थांबलं. सिंधू तेव्हा गच्चीवर कुरडया घालत होती. ती मला म्हणाली, "पोरगी जेवत न्हाई धड. तुमी विचारा की."

विचारायची वेळ आलीच नाही. एका दुपारी आम्ही ओसरीवर जेवायला बसलो होतो. मी, विष्णू, सिंधू वाढत होती. रेवती केंद्रातून आली, तिच्या मुठीत वाळलेली, गुंडाळी झालेली पानं होती. झरोक्यांच्या जाळीला अडकलेली. ती काळजीनं म्हणाली, "विष्णूकाका, तुमची झाडं आजारी आहेत का हो? केवढी पानं गळतायत."

आम्ही तिघंही हसलो. विष्णूला तर ठसका लागला. "आजारी कशाची? ताणावर हायेत!" तो म्हणाला. "पानी तोडलंय म्या. मृगाला बघा, पांढरीफेक व्हईल बाग."

"पाणी तोडलंय?" रेवती म्हणाली. "कधीपर्यंत?"

"मृगापतूर."

आधी सिंधूचं हसू थांबलं. मग माझं. विष्णूचा घास हातात राहिला. तो रेवतीकडं बघत होता आणि रेवती हातातल्या पानांकडं. साहेब ज्येष्ठाच्या सुरुवातीला येणार होते. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की, ज्या महिन्यासाठी ही सगळी मांडामांड केली, त्याच महिन्यात ही बाग दरसाल वाळते. पिढ्यान्पिढ्या मोसंबी करणाऱ्या घरातली माणसं आम्ही, आणि आराखडा बघून माना डोलावल्या होत्या.

विष्णूनं ताट सारलं, हात धुतले आणि चपला घालून न बोलता गेला. त्याच्या आयुष्यात न बोलता उठल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

मी रेवतीला म्हणालो की मी त्याच्याशी बोलतो. तिनं एकदम मान वर केली. "नाही काका. त्यांना कुणी म्हणायचं नाही. मला आता कळलंय ताण म्हणजे काय. माझ्या भिंतीसाठी त्यांचं वर्ष मागायचं नाही." ती इतकी ठाम बोलली की मी, जन्मभर पोरांना गप्प बसवलेला माणूस, गप्प बसलो.

तिनं तिच्या परीनं उपाय केले. गोणपाटाचे पडदे शिवून झरोक्यांना लावले, त्यांवर पाणी मारत राहिली. थोडा फरक पडायचा, पडदे सुकले की पुन्हा भट्टी. दिवसभर बादली घेऊन ती त्या पडद्यांमागं धावायची. तळहातांना भेगा पडल्या, सिंधू त्यांना खोबरेल लावून द्यायची. मला तेव्हा फार वाईट वाटायचं. एका बाजूला ही पोरगी, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ, आणि दोघांचंही चुकलेलं काही नाही. मी रोज सकाळी विष्णूकडं चहाला जायचो आणि जिभेवर आलेलं बोलणं चहाबरोबर गिळून परत यायचो. तोही हवापाण्याचं बोलायचा, शेजाऱ्याच्या बैलाचं बोलायचा. बागेचं नाही.

मग ती दुपार आली. रेवती थकून केंद्रात बाकावर बसली होती, पडदे सुकले होते, तिनं ते ओले करायचे सोडून दिले होते. मी तिच्यासाठी कैरीचं पन्हं घेऊन गेलो होतो. माझ्या पायाला काहीतरी लागलं. मला वाटलं मांजर असेल. खाली बघितलं तर काही नाही. पुन्हा लागलं. गार हवा होती ती, आणि तिला चिखलाचा वास होता.

आम्ही दोघं एकदमच उठलो. पडदा बाजूला करून खाली वाकलो. झरोक्यातून बागेच्या ओळी दिसत होत्या आणि झाडांच्या बुडाशी, आळ्याआळ्यांतून पाणी चकाकत होतं. पाटाचं पाणी, हळू, एका आळ्यातून दुसऱ्यात शिरणारं. रेवतीनं भिंतीला हात टेकला आणि ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं.

संध्याकाळी मी विष्णूला गाठलं. "ताण मोडलास?"

"मोडला तर मोडला. मला आंबे बहार करायचा व्हता कवाचा," तो म्हणाला. आंबे बहार हा मोसंबीचाच, आंबा मोहोरतो त्या वेळचा; त्याचा ताण हिवाळ्यात द्यावा लागतो, फळं पावसाळा सरता सरता येतात. "तिच्यासाठी कशाला मोडीन म्या? ती काय माझी पाव्हनी हाय?"

"मग केंद्राकडचीच अर्धी बाग का भिजवलीस? उरलेल्या अर्ध्या बागेला आंबे बहार नको?"

विष्णूनं फावडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "दादा, तू लई शिकलास त्याचा हाच तरास हाय," तो म्हणाला आणि घराकडं चालू लागला. थोडं पुढं जाऊन थांबला. वळला नाही. "पोरीला सांग, मावळतीच्या कोपऱ्यातली झाडं खालून छाटून देतो. वारा अडतो तिथं. म्या बघितला धूर."

म्हणजे तो बांधावर उभा राहून तिच्या उदबत्त्या बघत असायचा. आम्हाला वाटायचं टिंगल करायला उभा आहे.

त्या वर्षी मृगाचं पाणी पडलं तेव्हा बाग मधोमध दुभंगल्यासारखी दिसत होती. अर्धी फुलांनी पांढरी, वास गावात शिरलेला, मधमाश्यांचा नुसता गोंगाट. उरलेली अर्धी गर्द हिरवी, एक फूल नाही. येणारा-जाणारा विचारायचा, याला काय झालं? विष्णू प्रत्येकाला आंबे बहाराची तीच थाप मारायचा. एका म्हाताऱ्या मोसंबीवाल्यानं त्याला तोंडावर येडा म्हटलं. त्यानं तेही ऐकून घेतलं. त्या अर्ध्या बागेनं वर्षभर काही दिलं नाही. तो एवढंच म्हणायचा की झाडाला बी एखांदी सुट्टी लागते.

आता ती थाप खरी झाली आहे. केंद्राकडची बाग तो पौषात ताणावर सोडतो. त्या दिवसांत केंद्राला तिच्या गारव्याची गरज नसते, उलट वळचणीखालून ऊन आत येतं आणि लोक बाकं त्या उन्हात ओढतात. वैशाखात ती अर्धी बाग लहान हिरव्या फळांनी लगडलेली, पाणी पिऊन तृप्त असते. पलीकडची अर्धी वडिलांच्या रीतीनं वाळते. मी बाकावर बसून दोन्ही बघतो. रेवती अधूनमधून येते, माडीवर राहते, आता तिची कामं खूप आहेत. सिंधू तिला कुरडया बांधून देते. वैशाखाबद्दल माझ्या मनात जे आहे ते एवढंच की, मला माझा भाऊ या महिन्यात नव्यानं कळला. साठी उलटल्यावर भाऊ कळणं यापरतं देणं नाही. ते मी त्याला सांगू धजत नाही. सांगितलं तर तो मला काय म्हणेल, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण एकदा, एकदाच, तोंडातून निघून गेलं. साहेब आले होते त्या दुपारी.

ज्येष्ठ लागलेला, आभाळात ढगाचा पत्ता नाही. दोन साहेब गाडीतून उतरून केंद्रापर्यंत येईतो घामानं निथळले. रेवती दारात उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. ते आत आले. बाकावर बसले. रुमालानं मान पुसली, मग रुमाल हातातच राहिला. थोड्या वेळानं मोठ्या साहेबांनी छताकडं बघितलं, मग भिंतींकडं, मग मनोऱ्याकडं. कान देऊन ऐकलं.

"तुम्ही तर एसी नाही म्हणाला होतात," ते रेवतीला म्हणाले. "काहीतरी बसवलंय ना? आवाज कसा येत नाही? यंत्र कुठं आहे?"

रेवती खालच्या झरोक्यापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं बोट दाखवलं. मोठे साहेब इस्त्रीच्या पँटनिशी उकिडवे बसले. मीही वाकलो. बाहेर ओल्या आळ्यांच्या मधे, चिखलात पाय रोवून, फावडं घेतलेला विष्णू उभा होता. पाणी वळवत होता. भिंतीच्या भोकातून तीन डोकी आपल्याकडं बघतायत हे त्याला दिसलं. आपण मधे येतोय, साहेबांना बाग दिसत नसेल, असं त्याला वाटलं असावं. तो ओशाळला, फावडं उचललं आणि लगबगीनं झाडाआड सरकला. तिथून हात करून म्हणाला, "बघा, बघा साहेब. झालो बाजूला."

माझा वर्गातला आवाज कित्येक वर्षांत निघाला नव्हता. तो निघाला.

"विष्ण्या, सरकू नको! तुलाच बघून राह्यलेत!"

विष्णूला काही उमगलं नाही. पण थोरल्या भावानं सांगितलं म्हणून तो परत आला आणि झरोक्यासमोर, चिखलात, फोटोला उभं राहतात तसा ताठ उभा राहिला.